एकट्याने फोन ठेवून भागत नाही

मोबाइलच्या अतिवापराचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच उपदेशावर येते. मन आवरा, फोन बाजूला ठेवा, मुलांना वळण लावा. उपदेशाला खर्च काही येत नाही, म्हणून तो उदंड होतो. पण अडचण एकेकाच्या मनोनिग्रहाची कमी आणि सगळ्यांच्या सवयीची जास्त आहे. शाळेच्या सूचना, सोसायटीचं पाणी कधी येणार, भिशीचा हिशोब असं सारं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालत असताना जो एकटा फोन ठेवतो, तो शहाणा ठरत नाही, फक्त बाजूला पडतो.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे बरोबर ओळखलं. वस्ती जेमतेम तीन हजारांची. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती फोन आला, शाळा पुन्हा भरू लागली तरी तो सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळीक. सुरुवातीला थट्टा झाली. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. यातली खरी मेख अशी की नियम पोरांपुरता नव्हता. बाप क्रिकेट बघतोय, आई मालिका बघतेय आणि पोराने तेवढा अभ्यास करावा, ही आपली नेहमीची तऱ्हा तिथे मोडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतू चांगला, पण मोठ्यांना मोकळं सोडणारा नियम मुलांच्या गळी उतरवणं कठीणच.

कोणी म्हणेल, वापर कसा करायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. तो तसा राहत नाही, हे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवरून फिरत होत्या आणि आठवडे बाजारात जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने फार तर एक बोट हलवलं असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये, वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केल्यावर अशा मेसेजचा फैलाव ७० टक्क्यांनी घटला, असं कंपनीनेच सांगितलं. लोक एकाएकी शहाणे झाले नव्हते, नियम बदलला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अडीअडचणीत फोनच कामी येतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. त्या वेळी डब्यातल्या लोकांचा बाहेरच्या जगाशी दुवा म्हणजे हातातला फोनच. तो फेकून द्या असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. पण पुरात लागतो म्हणून तो रोज रात्री जेवणाच्या ताटाशेजारी हवा, हे कुठून आलं?

राहिला प्रश्न शहराचा. बदलापूरच्या मांजर्ली भागात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याला सीएसएमटीहून बदलापूर ६८ किलोमीटर पडतं. दीड तास लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला सातचा भोंगा काय कामाचा? वडगावचं वेळापत्रक इथे चालणार नाही, हे उघड आहे. पण आपली वेळ आपण ठरवायला कोणाची आडकाठी नाही. बदलापुरात रात्री नऊ ते दहा हा तास बहुतेक घरांना जमण्यासारखा आहे. भोंग्याची गरज नाही, ग्रामसभेचं काम सोसायटीची मासिक सभा करू शकते. पार्किंग आणि टाकीच्या साफसफाईनंतर हा एक विषय पुढच्या सभेत घ्या, आणि त्या तासात ग्रुपवर कोणीही, सेक्रेटरीनेसुद्धा, काही टाकायचं नाही असा ठराव करून पाहा.