‘तेव्हा कुठे होतात?’
वादाची रीत : लेखांक नववा

कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासाविषयी आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. निग्रहस्थानांचा, म्हणजे न्यायशास्त्राने वादातली हार मानलेल्या चुकांच्या यादीचा, लेखांक वाचून एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न मनातून जायला तयार नाही. इंटरनेटवर अनोळखी माणसांशी राजकारणावर भांडणाऱ्या प्रत्येकाच्या तो कामाचा आहे.

वाचक विचारतात : ‘तूही तेच केलंस’ असं म्हणणं ही मतानुज्ञा, आणि मतानुज्ञा झाली की हार, असं तुम्ही लिहिलंत. मग कर्णाच्या रथाचं चाक रुतलं आणि तो धर्माची आठवण करून देऊ लागला, तेव्हा श्रीकृष्णाने दुसरं काय केलं? कृष्ण तिथे हरला म्हणायचं का?

प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. बारामतीच्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात आर्याभारत रचलं आणि कर्णपर्वातला कृष्णाचा ‘तेव्हा कुठे गेला होता तुझा धर्म?’ हा सवाल मराठी जिभेवर कायमचा बसला. शाळेत ती आर्या पाठ केलेले आजोबा आणि मोरोपंतांचं नावही न ऐकलेला नातू, दोघेही मोबाइलवर भांडताना तोच साचा वापरतात. विषय आरक्षणाचा असो, नोटबंदीचा असो की शेतकरी आंदोलनाचा, दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरात कोणीतरी विचारतोच, तेव्हा कुठे होतात? इतक्या थोर तोंडी आलेला आणि आपल्या इतका अंगवळणी पडलेला सवाल न्यायसूत्रकार गौतमाने पराभवाच्या यादीत का घातला, हे नीट पाहायला हवं.

यादीत मतानुज्ञा अठरावी आहे, विक्षेपाच्या लगेच पाठोपाठ. विक्षेप म्हणजे ‘मला काम आहे, नंतर बोलू’ म्हणून उठून जाणं. मतानुज्ञेत माणूस उठत नाही, तिथेच बसून विषयातून निघून जातो. तुम्ही माझ्या पक्षात दोष दाखवलात. तो मी दूर केला नाही, फक्त तुमच्या पक्षातही तोच दोष आहे असं सांगितलं. याचा अर्थ, माझ्या बाजूला दोष आहे हे मी न बोलता मान्य करून बसलो. या मान्यतेपायी हार. प्रतिपक्षाचा दोष खरा असेल किंवा नसेल, त्याने हिशोबात फरक पडत नाही.

ताजं उदाहरण घेऊ. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनच्या सुधारित शासन निर्णयात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं ठरलं. त्या अडीच महिन्यांत हा विषय निघाला नाही असा मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप क्वचितच असेल, आणि तिथे हा संवाद हमखास व्हायचा.

‘सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचं ओझं टाकू नका.’

‘२००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हा कुठे होतात?’

उत्तर चटकदार आहे, त्यावर अंगठे पडतात. पण त्यात काय मान्य झालं ते बघा. दुसरा माणूस हिंदीच्या बाजूने बोलतो आहे. लहान वयात मुलं भाषा सहज उचलतात, ओझं वगैरे काही नसतं, असं तो म्हणू शकला असता, आणि त्यावर खरी चर्चा झाली असती. त्याऐवजी इंग्रजीचं उदाहरण फटकाऱ्यासारखं वापरून त्याने ओझ्याचा मुद्दा कबूल केला. त्याचं म्हणणं आता एवढंच उरलं, की ओझं पूर्वीही टाकलं होतं. पहिल्या माणसाने हे ओळखून ‘म्हणजे ओझं होतं हे तुम्हालाही मान्य आहे’ असं म्हटलं असतं, तर वाद एक पाऊल पुढे सरकला असता. बहुतेक वेळा तो तसं म्हणत नाही. आपण २००० साली कसे जागरूक होतो हे सांगत बसतो आणि हिंदीचा विषय तिथेच संपतो.

दुसऱ्या बाजूनेही हेच होई. ‘राज्याबाहेर कामाला गेलं की हिंदी लागते, लवकर शिकलेली बरी,’ असं कोणी म्हटलं की उत्तर येई, ‘उत्तरेतल्या शाळांनी तिसरी भाषा म्हणून तमिळ किंवा मराठी शिकवली नाही, तेव्हा कुठे होता तुमचा त्रिभाषा-नियम?’ इथेही हिंदीच्या उपयोगाचा मुद्दा उत्तराविना मान्य झाला. मात्र या उत्तराच्या पोटात एक कसदार मुद्दा आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता कृष्णाकडे. कर्णपर्वातला प्रसंग वादसभेचा नाही, रणांगणाचा आहे, हे पहिलं. कर्ण सवलत मागतो आहे. चाक वर काढेपर्यंत थांब, क्षत्रियाचा धर्म आठव, असं तो अर्जुनाला सांगतो. कृष्ण त्याला एकेक प्रसंगाची आठवण देतो : द्यूत, भरसभेतली द्रौपदी, एकट्या अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारणं. बोलण्याचा हेतू अर्जुनाचा हात थरथरू नये हा आहे. रुतलेल्या चाकाशी झुंजणाऱ्या शत्रूवर बाण सोडावा का, या प्रश्नाला त्या बोलण्यात उत्तर नाही. न्यायशास्त्राच्या मापाने ही मतानुज्ञाच, आणि वाचकांना माझं उत्तर आहे : होय, वाद म्हणून पाहिलं तर तो मुद्दा कृष्णाने सोडून दिला. युद्ध जिंकलं, ती गोष्ट वेगळी.

महाभारतकारांनी हे लपवलेलं नाही, म्हणून मी त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. शल्यपर्वाच्या अखेरीस मांड्या मोडून पडलेला दुर्योधन कृष्णाला हिशोब विचारतो, आणि त्यात कर्णाचं रुतलेलं चाक येतं. कृष्ण पुन्हा दुर्योधनाच्या पापांची यादी वाचतो. त्यानंतर आकाशातून दुर्योधनावर फुलं पडतात आणि पांडव खजील होतात. मग कृष्ण पांडवांना सरळ सांगतो, की या वीरांना तुम्ही धर्मयुद्धात मारू शकला नसता. कर्णाच्या वेळी न बोलता जे मान्य झालं होतं, ते इथे उघड शब्दांत आलं.

तरीही कृष्णाच्या सवालात एक बळ आहे आणि आपल्या मोबाइलवरच्या सवालात ते नसतं. कृष्ण ज्याला विचारतो आहे, तो माणूस त्या सभेत हजर होता. नुसता हजर नव्हता, द्रौपदीला टाकून बोललाही होता. अभिमन्यूचं धनुष्य ज्याने तोडलं तोच हा कर्ण. कृष्णाला कर्णाची सगळी कुंडली ठाऊक आहे, आणि प्रत्येक आरोप त्या एका माणसाच्या स्वतःच्या वागण्यावर आहे.

अनोळखी माणसाला आपण हा सवाल टाकतो तेव्हा आपल्या हातात यातलं काय असतं? फोटोच्या जागी शिवाजी महाराज किंवा गुलाबाचं फूल, टोपणनाव, आणि दोन ओळींचं मत. २००० साली इंग्रजीला विरोध का केला नाहीत असं ज्याला विचारलं, तो कदाचित त्या वर्षी स्वतः पहिलीत बसून ए-बी-सी-डी गिरवत असेल. किंवा त्याने तेव्हा वर्तमानपत्रात पत्रं लिहिली असतील. आपल्याला माहीत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नसते. कारण सवाल त्याला नसतोच. त्याच्या मागे आपण एक जमाव कल्पनेने उभा करतो, ‘तुम्ही लोक’ असं त्याचं नाव असतं, आणि त्या जमावाने कधीकाळी बाळगलेल्या मौनाची शिक्षा समोर सापडलेल्या एकट्या माणसाला देतो. तोही मग एकट्याने बोलायचं सोडून जमावाच्या वतीने बोलू लागतो. ‘मला वाटतं’ जातं, ‘आम्हाला’ येतं. त्या क्षणानंतर त्याचं मत बदलणं फार अवघड होतं, कारण आता मत बदललं तर ती फितुरी ठरते.

मला या सवालाचा सगळ्यात मोठा दोष हा वाटतो. ज्याचा भूतकाळ आपल्याला ठाऊक आहे, त्यालाच तो न्यायाने विचारता येतो. सरकार चालवणाऱ्या पक्षाला विचारा, मंत्र्याला विचारा, संपादकाला विचारा. त्यांची भाषणं, मतदान, अग्रलेख नोंदलेले असतात. सार्वजनिक माणसाच्या सचोटीची ही रास्त तपासणी आहे, आणि लोकशाहीत ती झालीच पाहिजे. पण अनोळखी नागरिकाला, ज्याच्याकडे सत्ता नाही आणि ज्याची नोंद नाही, त्याला हा सवाल म्हणजे बिनपुराव्याचा आरोप. गौतमाच्या यादीत त्यालाही वेगळी जागा आहे, विसावी : निरनुयोज्यानुयोग. जिथे दोष नाही तिथे दोष दाखवायला जाणारा स्वतःच हरतो.

मग समोरून हा सवाल आला तर करायचं काय? इथे एक परदेशी प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो इथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा खटला भरला गेला. सोव्हिएत प्रचाराने तो जगभर नेला, आणि पुढे कित्येक दशकं सोव्हिएत छळछावण्यांचा विषय निघाला की मॉस्कोकडून ठरलेलं उत्तर येई : तुमच्याकडे काळ्यांना झुंडी फासावर लटकवतात, त्याचं काय? निखळ मतानुज्ञा. छावण्यांतल्या एकाही कैद्याला या उत्तराने सुटका मिळाली नाही.

पण दुसऱ्या बाजूला काय झालं पाहा. आरोप खरा होता. डिसेंबर १९५२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने शाळांतल्या वर्णभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे निवेदन दिलं. वर्णभेदामुळे जगात आपल्या देशाची बाजू लंगडी पडते, शत्रूच्या प्रचाराला दारूगोळा मिळतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १७ मे १९५४ रोजी याच ब्राऊन खटल्यात न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. कारणं अनेक होती, आणि मोठं श्रेय वर्षानुवर्षं लढणाऱ्या कृष्णवर्णीय पालकांचं आणि वकिलांचं. तरी शत्रूने कुजकेपणाने टाकलेला सवालही एका देशाने कामाला लावला, हे मला फार मोलाचं वाटतं. सवाल विचारणाऱ्याचा हेतू वाईट होता म्हणून सवालातला खरा भाग खोटा ठरत नाही.

यातून मी स्वतःसाठी जी रीत बांधली आहे, ती सांगतो. आरोपात तथ्य असेल तर एका वाक्यात मान्य करून मोकळं व्हावं : ‘हो, इंग्रजीच्या वेळी मी बोललो नाही, बोलायला हवं होतं.’ स्पष्टीकरण लांबवू नये, कारण लांबलं की विषय आपण स्वतः बनतो. लगेच समोरच्याने काय मान्य केलं ते त्याच्यापुढे ठेवावं, आणि तेही त्याला पटेल अशा शब्दांत : ‘लहान मुलांवर भाषांचा भार पडतो, हे तुमच्याही बोलण्यात आहे. बरोबर?’ गौतमाची अननुभाषणाची अट आठवा. समोरच्याचं म्हणणं तीनदा ऐकूनही ज्याला ते पुन्हा उच्चारता येत नाही, तो हरला. राजकीय भांडणात मला ही एकच अट पाळायची मुभा असती, तर बाकीच्या एकवीस मी आनंदाने सोडल्या असत्या.

आणि आपल्यालाच तो सवाल टाकण्याची ऊर्मी आली तर? तेव्हा भूतकाळातून बाहेर येऊन तो नियमावर न्यावा. वर म्हटलेला कसदार मुद्दा तो हा. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात त्रिभाषा सूत्र आहे आणि हिंदीभाषक राज्यांनी एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतली, शिकवावी असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा ‘कुठे होता तुमचा नियम’ असं ओरडण्याऐवजी विचारावं : ‘महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी, तर उत्तर प्रदेशात पहिलीपासून तमिळ किंवा मराठी, हे तुम्हाला चालेल का?’ या प्रश्नाला अनोळखी माणूसही उत्तर देऊ शकतो. त्याला आपला भूतकाळ सिद्ध करावा लागत नाही, कुठल्या जमावाचं वकीलपत्र घ्यावं लागत नाही. ‘हो’ म्हणाला तर तो नियमाचा माणूस आहे आणि त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे. ‘नाही’ म्हणाला तर फरक का, हे त्याला सांगावं लागेल, आणि खरा मतभेद उघड्यावर येईल. हाच प्रश्न उलटा आपल्याला आला तर त्याचंही उत्तर तयार ठेवावं. ते आपल्याजवळ नसेल तर बोलण्याआधी थोडा विचार राहिला आहे असं समजावं.

तीनदा असं करूनही समोरून ‘तेव्हा कुठे होतात’ हेच येत राहिलं तर थांबावं. चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यांना सांगितलं आहे, की प्रतिनिविष्ट परिषदेत, म्हणजे आधीच मनात वैर धरून बसलेल्या सभेत, कोणाशीही वाद घालू नये. वैद्याचा वेळ रोग्यांसाठी असतो. आपलाही कोणासाठी तरी असतोच.

थांबायचं नेमकं कितव्या उत्तराला, यावर आता आकड्यांत बोलता येतं. कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मत बदलायला तयार आहोत असं सांगून आलेल्या माणसांचे ऑनलाइन वाद तपासले होते. मूळ मत मांडणारा आणि त्याला आव्हान देणारा यांच्यात पाच फेऱ्या झाल्या, की मत बदलण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, असं त्यांना दिसलं. ‘मी’ म्हणणारे आणि ‘आम्ही’ म्हणणारे यांच्यातला फरकही त्यात सापडतो. तो सगळा अभ्यास पुढच्या आठवड्यात, आणि या वेळी नक्की.