पक्षांतर आणि लाच : कायदा काय सांगतो?

बारामती मतदारसंघातल्या आमदारांनी दोन मोठी बंडे केली. पहिल्या वेळी पक्षांतरबंदी कायदा नव्हता, दुसऱ्या वेळी होता.

● १९७८ : बारामतीचे आमदार शरद पवार यांच्या बंडाने वसंतदादा पाटलांचे सरकार पडले, १८ जुलैला पवार मुख्यमंत्री झाले.

● १९८५ : ५२वी घटनादुरुस्ती, दहावे परिशिष्ट. पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते. एक-तृतीयांश फुटीला असलेली सूट २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने गेली. आता दोन-तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा असलेल्या विलीनीकरणालाच संरक्षण आहे.

● निवाडा कोणाचा? : विधानसभा अध्यक्षांचा. त्याला न्यायालयात आव्हान देता येते (किहोतो होलोहान खटला, १९९२). असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले.

● २०२३ : राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि २ जुलैला बारामतीचे आमदार अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी त्यांचाच गट खरी राष्ट्रवादी ठरवला. दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही.

● लाच घेतली तर? : १९९८ च्या नरसिंह राव निकालाने पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्यांना संरक्षण मिळाले होते. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सीता सोरेन खटल्यात ते काढून घेतले. पैसे घेताक्षणीच गुन्हा पूर्ण होतो. नंतर मत कोणालाही दिले तरी सुटका नाही.

पक्षांतराचा फैसला मात्र अजूनही अध्यक्षांच्याच हाती आहे. तो वेळेत लागला, तरच मतदाराच्या कौलाची बूज राहील.