मिठागरातल्या सूक्ष्म जीवापासून सिकलसेलच्या उपचारापर्यंत

आपल्याला सर्दी, गोवर, कावीळ विषाणूंमुळे होते, हे आता घराघरांत माहीत आहे. पण जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. विषाणू त्याहूनही लहान. तो जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला जनुकीय धागा आत सोडतो, आतल्या आत स्वतःच्या शेकडो प्रती तयार करतो आणि शेवटी जिवाणूला फोडून बाहेर पडतो. मग एवढासा जिवाणू जगतो कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात स्पेनमधील एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे आणि त्या उत्तराचा संबंध आपल्या विदर्भातल्या कुटुंबांशीही पोहोचतो.

फ्रान्सिस्को मोहिका हे त्यांचे नाव. स्पेनच्या आलिकांते विद्यापीठात 1989 साली त्यांनी संशोधनाला सुरुवात केली. जवळच सांता पोला येथे मिठागरे आहेत. तिथल्या खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूसारख्या एका सूक्ष्म जीवाचा ते अभ्यास करत होते. त्याच्या डीएनएमध्ये त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. अक्षरांचा एकच तुकडा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होता आणि दोन तुकड्यांच्या मध्ये दरवेळी वेगळा मजकूर होता. जपानमध्ये 1987 साली ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूतही अशी रचना आढळली होती. पण ती कशासाठी आहे, हे कोणालाच सांगता आले नव्हते. या रचनेला पुढे ‘क्रिस्पर’ हे नाव मिळाले.

2003 साली मोहिका यांनी मधला मजकूर संगणकावर इतर जीवांच्या डीएनएशी ताडून पाहायला घेतला. ई. कोलायमधला एक तुकडा एका विषाणूच्या डीएनएशी जुळला. विशेष म्हणजे जिवाणूच्या त्या वाणाला तो विषाणू बाधतच नव्हता! मग त्यांनी असे सुमारे 4500 तुकडे तपासले. जे ओळखता आले, त्यांतले बहुतेक विषाणूंचे किंवा तशाच बाहेरून घुसणाऱ्या डीएनएचे निघाले. म्हणजे ही शत्रूची नोंदवही होती. एखाद्या घराला कोणी फसवावे आणि घरच्यांनी त्याचा फोटो दारामागे चिकटवून ठेवावा, तसे. पुन्हा तोच माणूस दारात आला की लगेच ओळखू येतो. जिवाणूचे दोन भाग झाले की हे ‘फोटो’ पुढच्या पिढीलाही मिळतात.

मोहिका यांचा हा निबंध एकामागून एक नियतकालिकांनी परत केला. तो छापून यायला 2005 साल उजाडले. 2007 मध्ये दही-चीज उद्योगातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगाने त्यावर शिक्कामोर्तब केले. विरजणाच्या जिवाणूंवर त्यांनी विषाणू सोडले. जे जिवाणू वाचले, त्यांच्या डीएनएमध्ये त्याच विषाणूचे नवे तुकडे जमा झालेले दिसले. ते तुकडे काढून टाकले की प्रतिकारशक्ती गेली.

ओळख पटल्यावर पुढे काय होते? जिवाणू त्या तुकड्याची प्रत काढतो आणि ‘कॅस’ नावाच्या प्रथिनाला वाटाड्या म्हणून जोडून देतो. हे प्रथिन कात्रीसारखे काम करते. जुळणारा धागा सापडला की तो कापते आणि विषाणू निकामी होतो. इमॅन्युएल शार्पाँतिए आणि जेनिफर डाउडना या दोन महिला शास्त्रज्ञांनी 2012 साली दाखवून दिले की वाटाड्या बदलला तर ही कात्री डीएनएवर हव्या त्या जागी चालवता येते. त्यासाठी 2020 साली दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपला संबंध काय?

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत सिकलसेल बराच आढळतो. तो मागच्या जन्माच्या कर्माचा भोग नाही, बाहेरची बाधा नाही आणि कोणा एका जातीचा रोगही नाही. आफ्रिकेतही त्याचे लाखो रुग्ण आहेत. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो, एवढेच त्याचे कारण. जिथे हिवताप जास्त होता, तिथे हा बदल टिकून राहिला. कारण एका पालकाकडून तो मिळालेल्या मुलाला गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असे.

जिवाणूंच्या याच कात्रीवर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, त्यांच्यात बदल करून त्या परत दिल्या जातात. मात्र अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर आहे आणि आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञही याच मार्गाने स्वस्त उपचारासाठी काम करत आहेत. तोवर ‘जनुक बदलून सिकलसेल मुळापासून घालवतो’ असे सांगून बस्तीत पैसे मागणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका.

आज आपल्या हातात काय आहे?

- तपासणी: सरकारी आरोग्य केंद्रात सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या. सॉल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी करून एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) हे नक्की करून घ्या.
- लग्नाआधी: आपण पत्रिका पाहत नाही, पण मुलगा-मुलगी दोघांचाही सिकलसेलचा अहवाल जरूर पाहावा. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. लग्न झालेले असेल तर दिवस जाताच डॉक्टरांना सांगा.
- रुग्ण घरात असेल तर: भरपूर पाणी द्या, थंडीपासून जपा, लसी चुकवू नका. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
- ताबडतोब दवाखाना: ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडणे, हात-पाय लुळे पडणे यांपैकी काहीही दिसले तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका.

वाहक असणे म्हणजे आजार नव्हे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कारण शोधा, म्हणजे दुःखावर उपाय सापडतो, ही तथागतांची शिकवण. मिठागरातल्या एका सूक्ष्म जीवाबाबत मोहिका यांनी तेच केले. आपण आपल्या घरापासून सुरुवात करू या. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हा विषय जरूर काढा.

जयभीम!