वरच्या जबड्यातील गाठीवर दुर्बिणीचा उपाय

छत्रपती संभाजीनगर : वरच्या दाढेजवळची सूज दुखत नाही, म्हणून अनेकदा तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. किडीमुळे दाताची नस मृत झाली, की मुळाच्या टोकाशी द्रवाने भरलेली गाठ, म्हणजेच सिस्ट, तयार होऊ शकते. ती हाड झिजवत सायनसच्या पोकळीत शिरते. मग नाक चोंदते आणि रुग्ण सर्दीची औषधे घेत राहतो.

अशा गाठींसाठी कॉल्डवेल-लुक ही जुनी शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेतील जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये, तर पॅरिसच्या हेन्री लुक यांनी १८९७ मध्ये ती मांडली. वरच्या ओठाच्या आत छेद घेऊन हाडाला खिडकी पाडली जाते. त्यानंतर गालावर सूज येते. काहींना बधिरपणाही जाणवतो.

दुर्बिणीच्या पद्धतीत सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत नेतात. तिरकस भिंगामुळे सायनसचे कोपरेही पडद्यावर दिसतात. हाड कमी कापावे लागते.

मात्र, प्रत्येक गाठ अशी काढता येत नाही. निर्णय सीटी स्कॅनवरून होतो. मूळ दातावर उपचार न झाल्यास त्रास परतू शकतो. काढलेल्या गाठीची प्रयोगशाळेत तपासणी आवश्यक असते. केराटोसिस्ट हा प्रकार पुन्हा उद्भवतो.

हा आजार दंतवैद्य आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ या दोघांच्या हद्दीवरचा आहे. शहरात घाटी रुग्णालय आणि शासकीय दंत महाविद्यालय शेजारी-शेजारी आहेत. न दुखणाऱ्या सुजेचा एक्स-रे वेळीच काढणे, हीच उपचारांची पहिली पायरी होय.