पाडलेल्या पिना उभ्या कोण करतं?

दोस्तांनो, लगोरी खेळता ना? सात ठिकऱ्या एकावर एक रचायच्या, चेंडूनं पाडायच्या आणि मग पुन्हा रचायला धावायचं. पाडायला एक क्षण पुरतो. खरी धांदल उडते ती रचताना! ठिकऱ्या थरथरत असतात आणि पाठीत चेंडू कधी बसेल याचा नेम नसतो.

आता असा खेळ डोळ्यांसमोर आणा, ज्यात पाडायचं तुम्ही आणि रचायचं दुसऱ्याच कुणीतरी. तो खेळ म्हणजे बोलिंग. क्रिकेटमधली नव्हे, लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड बॉल घरंगळवत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडायच्या, ती.

मागच्या सुट्टीत भाचीला घेऊन मी एका मॉलमध्ये बोलिंगला गेलो होतो. तिनं दोन्ही हातांनी बॉल ढकलला. तो रमतगमत गेला आणि सहा पिना धडाधड आडव्या झाल्या. लगेच एक आडवी फळी खाली आली, मागून खडखडाट ऐकू आला आणि बघता बघता पडलेल्या पिना गायब! भाचीचं लक्ष आपल्या गुणांकडे नव्हतंच. ती वाकून पिनांच्या मागच्या अंधारात बघत होती.

"मामा, आत कोण बसलंय?"

"कुणी नाही गं, मशीन आहे."

"आणि मशीन नव्हतं तेव्हा?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला थेट अमेरिकेत जावं लागेल, तेही शंभर-सव्वाशे वर्षं मागे.

आत मुलं बसायची

हो, तुमच्याएवढी मुलं! त्यांना 'पिनबॉय' म्हणत. पिनांच्या मागे एक खड्डा असे. त्याच्या कडेच्या उंचवट्यावर पाय वर घेऊन हा मुलगा बसायचा. बॉल यायचा, पिना उडायच्या आणि सगळं खड्ड्यात कोसळायचं. मग यानं खाली उडी मारायची, बॉल उचलून उतरत्या रुळावरून खेळाडूकडे परत पाठवायचा, पडलेल्या पिना गोळा करायच्या, एकेक आपल्या खुणेवर उभी करायची आणि पुढचा बॉल यायच्या आत पुन्हा वर चढून बसायचं. उडालेली पिन नडगीवर बसली तर? बसायचीच. तरी काम थांबायचं नाही.

हे काम किती जड होतं? चला, हिशेब करू. एक पिन १५ इंच उंच असते आणि तिचं वजन साधारण दीड किलो. एका खेळाडूच्या एका डावात दहा फेऱ्या असतात. समजा, प्रत्येक फेरीत त्यानं दहाही पिना पाडल्या. म्हणजे पिना उचलायच्या शंभर, आणि शंभर गुणिले दीड म्हणजे दीडशे किलो. दीड क्विंटल! यात बॉलचं वजन धरलेलंच नाही. सर्वांत जड बॉल १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा असतो. आणि हे झालं फक्त एका खेळाडूचं. संध्याकाळभर असे कितीतरी खेळाडू यायचे.

त्या काळी लुईस हाइन नावाचे एक छायाचित्रकार होते. आधी ते शाळेत शिकवत. अमेरिकेतल्या गिरण्यांत, खाणींत, रस्त्यांवर राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत ते गावोगाव फिरले. १९१० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बोलिंगच्या जागी त्यांनी पिनबॉयचा फोटो काढला. वेळ होती रात्री एकची! फोटोखाली त्यांनी एक नोंद करून ठेवली आहे. आणखी तीन लहान मुलं तिथं होती, पण मालकानं त्यांना फोटोत येऊ दिलं नाही. का, ते तुम्हीच ओळखा. हाइन यांच्या अशा फोटोंमुळे मुलांना कामाला जुंपण्याविरुद्ध लोक बोलू लागले, कायद्यांची मागणी करू लागले.

लॅम्पशेड, कुंड्या आणि एक भन्नाट कल्पना

पुढे १९३०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावात गॉटफ्रीड श्मिट नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. सगळे त्यांना फ्रेड म्हणत. पिना उभ्या करायचं काम यंत्राला शिकवायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण यंत्राला तर बोटं नाहीत, मग पिन धरायची कशी? श्मिट यांनी हवा ओढून पिन उचलायची ठरवली. स्ट्रॉच्या टोकाला कागदाचा तुकडा लावून हवा आत ओढली की कागद चिकटून बसतो ना? अगदी तसंच! पहिला नमुना त्यांनी टर्की पक्ष्यांच्या खुराड्यात बसून जोडला आणि त्यात चक्क दिव्यांच्या लॅम्पशेड आणि फुलझाडांच्या कुंड्या वापरल्या होत्या, असं सांगतात.

हा शोध एएमएफ नावाच्या कंपनीनं विकत घेतला. ही कंपनी मूळची सिगारेट वळणारी यंत्रं बनवणारी. १९४६ साली बफलो शहरातल्या मोठ्या बोलिंग स्पर्धेच्या वेळी तिनं आपलं यंत्र लोकांना दाखवलं. ते धूड वजनाला जवळपास दोन टन होतं! बिघाड आणि सुधारणा यांत आणखी काही वर्षं गेली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र ही यंत्रं बोलिंगच्या जागी बसू लागली. मग ब्रन्सविक ही दुसरी कंपनीही आपलं यंत्र घेऊन आली. बिलियर्डची टेबलं बनवणारी ही जुनी कंपनी, १८४५ सालची. एएमएफवाले आपल्या यंत्राला 'पिनस्पॉटर' म्हणत, ब्रन्सविकवाले 'पिनसेटर'. काम मात्र दोन्हींचं एकच.

चला, यंत्राच्या पोटात!

आता आपण पडद्यामागे शिरू. समोर आहे ब्रन्सविकचं जुनं 'ए-२' यंत्र. कान झाका, आवाज मोठा आहे!

धाड! बॉल पिनांवर आदळून मागच्या जाड गादीवर आपटला. गादी हलली, तशी यंत्राची कळ दाबली गेली. यंत्र जागं झालं. सर्वांत आधी पुढून एक आडवी फळी खाली आली. ही आहे यंत्राची केरसुणी, पण ती अजून झाडत नाही. आधी वरून एक मोठा साचा खाली येतो. त्यात दहा पिनांसाठी दहा जागा असतात. घरातलं अप्पेपात्र आठवा, तसाच, फक्त त्रिकोणी. साचा अलगद उतरतो आणि ज्या पिना अजून उभ्या आहेत त्यांची मान चिमट्यात धरतो. त्यांना घेऊन वर जातो. आता केरसुणी सर्रकन मागे जाते आणि पडलेल्या पिना खड्ड्यात लोटते. साचा पुन्हा खाली येतो आणि धरलेल्या पिना जिथं होत्या तिथंच ठेवतो. एखादी पिन धक्क्यानं जराशी सरकली असेल, तर ती सरकलेल्या जागीच ठेवतो. प्रामाणिकपणा बघा!

आणि दहाच्या दहा पडल्या असतील तर? साचा खाली येतो, पण त्याला एकाही पिनेचं डोकं टेकत नाही. तेवढ्यावरून यंत्राला कळतं, की सगळ्या पडल्या. अंधारात हात फिरवून पाण्याचा तांब्या शोधावा तसा हा प्रकार आहे. डोळे नाहीत, नुसता स्पर्श.

तिकडे खड्ड्यात बॉल आणि पिना यांची सरमिसळ झालेली असते. तिथली जमीन म्हणजे हलता पट्टा. बॉल गडगडत बाजूच्या दाराशी जातो, दार उघडतं आणि बॉल खेळाडूकडे परत निघतो. पिना पट्ट्यावरून मागे सरकतात. तिथं उभं असतं एक भलंमोठं चाक. शेतातल्या विहिरीवरचा रहाट चित्रात तरी पाहिलाच असेल. रहाटाची गाडगी जशी पाणी भरून वर आणतात, तसे या चाकाचे खण एकेक पिन उचलून वर नेतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. चाकात पिन कशीही पडते. एकीचं डोकं डावीकडे, तर दुसरीचं उजवीकडे. उभी करायची तर प्रत्येक पिनेचा तळ आधी पुढे यायला हवा. हे यंत्रात कोण ठरवतं? कॉम्प्युटर? तेव्हा असल्या यंत्रांत कॉम्प्युटर नव्हता. ठरवते ती पिन स्वतःच! पिनेची मान बारीक आणि पोट मोठं असतं. १५ इंच उंचीच्या पिनेचा तोल साधला जातो तळापासून सहा इंचांच्याही आत, म्हणजे मध्यापेक्षा बराच खाली. चाकाच्या माथ्यावर एक खोलगट पत्रा असतो. पिन त्यात पडली की जड बाजू आधी घसरते. डोकं कुठंही असो, तळच पुढे येतो.

मग पिन एका गोल फिरत्या कड्यात जाऊन बसते. कडं एक घर पुढे सरकतं, दुसरी पिन येते, पुन्हा एक घर. दहावी पिन आली की दहाही पिना एकदम खालच्या साच्यात उतरतात. साचा त्यांना सरळ करतो, खाली नेतो आणि बारा-बारा इंचांच्या अंतरावर, त्रिकोणात, हळूच सोडून देतो. एकीलाही धक्का लागत नाही.

एका यंत्रात पिनांचे दोन संच फिरत असतात. एक खेळात, तर दुसरा वर तयार. आणि हे सगळं चालतं ते मोटर, पट्टे, दातेरी चाकं आणि तरफा यांच्या जोरावर. पिनबॉयच्या हाताची एकेक हालचाल कुणीतरी लोखंडात घडवली होती.

करून पाहा

गणपतीनंतर उरलेली शाडूची माती घ्या. तिची वीतभर लांबीची पिन करा. पोट जाड, मान बारीक. वाळू द्या. आता ती बरोबर मध्यावर तुमच्या आडव्या बोटावर ठेवा आणि दुसरा हात सोडा. कुठली बाजू खाली गेली? पिन उलटसुलट करून पुन्हा पाहा. दर वेळी पोटाचीच बाजू खाली जाईल. मग बोट सरकवून तोल कुठं साधतो ते शोधा आणि तिथं खूण करा. ए-२ यंत्राचं मोठं गुपित तुमच्या बोटावर आहे!

दिव्यांची झगमग आणि मागची माणसं

यंत्रं आली आणि अमेरिकेत बोलिंगला बहर आला. पिनबॉय मिळण्याची वाट पाहायला नको. रात्रपाळी संपवून आलेले कामगार पहाटेही खेळू लागले. दारावर निऑनचे रंगीत दिवे, भाड्यानं मिळणारे दोनरंगी बूट, तळलेल्या बटाट्यांचा वास आणि आठवड्याच्या ठरल्या वारी एकत्र खेळणारे शेजारी. गुण कागदावर पेन्सिलीनं लिहायचे. एका बॉलमध्ये दहाही पाडल्या, तर पुढच्या दोन बॉलचे गुण त्यात मिळवायचे. कितीतरी मुलांची बेरीज या कागदांवर पक्की झाली असणार.

पडद्यामागे असायचे मेकॅनिक. हातात पाना, खिशात चिंधी, अंगाला ग्रीसचा वास. आवाजावरून ते ओळखत, की कुठल्या पट्टीवर पिन अडकली आहे. पुढे गावोगावची जुनी बोलिंग सेंटर बंद पडत गेली. पण काही यंत्रं अजून चालतात, कारण बंद पडलेल्या ठिकाणचे सुटे भाग जपून ठेवणारी आणि ती यंत्रं समजून घेणारी माणसं आहेत. मिलवॉकी शहरात 'होलर हाउस' नावाची एक जागा आहे, १९०८ सालची. तिच्या तळघरात दोनच पट्ट्या आहेत आणि तिथं यंत्र आलंच नाही. आजही माणसंच हातानं पिना लावतात.

आता वेगळ्या प्रकारची यंत्रं येत आहेत. त्यांत प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली असते. पिना पडल्या की दोऱ्या ओढल्या जातात, पिना वर जातात आणि परत खाली उभ्या राहतात. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्याच जणू! या यंत्राला वीज कमी लागते, दुरुस्तीही कमी. पण दोरी असल्यामुळे पिना थोड्या वेगळ्या पडतात. म्हणून अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेनं २०२३ साली दोरीच्या पिनांच्या खेळाला मान्यता दिली, ती वेगळा प्रकार म्हणून.

दोरीचं यंत्र सोयीचं आहे, हे खरं. तरीही मला वाटतं, रहाटासारखं चाक आणि फिरतं कडं असलेली थोडी तरी जुनी यंत्रं चालती ठेवायला हवीत. संग्रहालयात गप्प उभी नव्हे, खडखडत, पिना उचलत! कारण त्यांच्याकडे नुसतं पाहूनही कळतं, की यंत्र विचार कसा करतं.

माझ्या भाचीनं त्या दिवशी फार गुण मिळवले नाहीत. पण प्रश्न तिनं लाखमोलाचा विचारला. तुम्हीही विचारत जा. पाडणारा सगळ्यांना दिसतो. पुन्हा उभं करणारा कोण आहे, हे वाकून, डोकावून, पडद्यामागे जाऊन बघा. आणि मागे माणूस दिसला, तर त्याला "थँक्यू, काका" म्हणायला विसरू नका!