‘पळ’ म्हणणं हा उपचार नव्हे

घरात कुणाला नैराश्याचं निदान झालं की आठवड्याच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘गोळ्या कशाला घेतोस? सकाळी उठून पळायला जा, सगळं ठीक होईल.’ सांगणारा मायेनेच सांगतो. व्यायामाने नैराश्य कमी होतं, हेही खरं आहे. पण वाक्याचा पहिला अर्धा भाग धोक्याचा आहे आणि दुसरा भाग अर्धवट.

हवाला बहुधा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या १९९९ सालच्या अभ्यासाचा असतो. जेम्स ब्लूमेंथाल आणि सहकाऱ्यांनी पन्नाशीपुढच्या १५६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन ही गोळी, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. इथपर्यंतचं सगळे सांगतात. गोळीवाल्यांना सुरुवातीला लवकर उतार पडला, हे कुणी सांगत नाही. तिथला व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीनदा, गटाने, देखरेखीखाली, नाडीच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून अर्धा तास भरभर चालणं किंवा पळणं होतं. घरच्यांनी खोलीच्या दारातून दिलेला सल्ला नव्हता.

नुसत्या प्रोत्साहनाचं काय होतं, तेही तपासून झालं आहे. ब्रिटनमधल्या ३६१ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या एका गटाला नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित मार्गदर्शक भेटत, फोन करत, हालचाल वाढवायला मदत करत. हालचाल वाढली, नैराश्य मात्र दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं नाही. जिथे प्रशिक्षित माणसाच्या समजावण्याने भागलं नाही, तिथे ‘आळशीपणा सोड’ म्हणून काय होणार?

आणि तो आळस नसतोच. पलंगाच्या कडेला बसून एक बूट घातलेला, दुसऱ्या बुटाची लेस हातात धरून जमिनीकडे बघत राहिलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे कळेल. थकवा, उडालेली झोप, कशातच रस न वाटणं ही या आजाराची लक्षणं आहेत. व्यायामाला जी उभारी लागते, तीच आजाराने हिरावलेली असते. अशा माणसाला ‘मनावर घे’ म्हटलं की त्याच्या अपराधीपणात भर पडते, आणि तेही याच आजाराचं लक्षण आहे.

गोळ्यांचं तर स्पष्टच सांगायला हवं. त्या अचानक बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होऊ शकते आणि आजार उलटू शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, हळूहळू. पळायला लागलात म्हणून आपल्या मनाने नाही.

‘इच्छा झाली की सुरू करीन’ हाही गैरसमजच. या आजारात इच्छा बहुतेकदा कृतीच्या मागून येते. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने याच तत्त्वावर काम केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना झेपतील अशी छोटी कामं ठरवून द्यायची आणि सहा ते आठ बैठकांत पाठपुरावा करायचा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली हे निष्कर्ष आले. त्यात निव्वळ व्यायाम नव्हता, पण सुरुवात कशी करायची ते त्यातून शिकण्यासारखं आहे.

बाकीचं थोडक्यात. जिमच लागते, असं नाही : ‘बीएमजे’नेच २०२४ साली २१८ चाचण्यांचा आढावा छापला, त्यात चालणं-पळणं, योग आणि वजनं उचलणं या सगळ्यांचा फायदा दिसला. जोर वाढला तसा फायदाही वाढला, तरी हलक्या व्यायामानेही फरक पडला. बऱ्याच चाचण्यांचा दर्जा कच्चा होता, हेही त्याच आढाव्यात नोंदवलं आहे. ‘एंडॉर्फिन वाढतं म्हणून बरं वाटतं’ हे फार सोपं केलेलं उत्तर आहे. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. आणि ‘घरकाम करते, तोच व्यायाम’ हे बायकांना ऐकवू नये. मोकळ्या वेळात स्वतःसाठी केलेल्या व्यायामाचा नैराश्य कमी असण्याशी जसा संबंध दिसतो, तसा घरकामाचा दिसत नाही.

घरच्यांना खरंच मदत करायची असेल तर सोबत जावं. वेळ ठरवावी, दहा मिनिटं चालावं, नाही जमलं तर उद्या पुन्हा विचारावं. जीव द्यावासा वाटतो, असं रुग्ण बोलला तर मात्र चालण्याचा विषय बाजूला ठेवून त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं; ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.