राख टाकली की चिकणमाती घट्ट होते?

कुर्ला पश्चिमेहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघालं की मिठी नदी ओलांडावी लागते. या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी वरच्या भरावाखाली खाडीचा राखाडी, मऊ, पाणी धरून ठेवणारा गाळ आहे आणि त्याच्याही खाली बेसॉल्ट. अशा जमिनीवरच्या रस्त्यांसाठी वीज केंद्रांची राख वापरावी, असं म्हटलं की लोक लगेच मान डोलावतात. राख टाकायची, रोलर फिरवायचा, काम झालं! हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो.

भारतातल्या बहुतेक कोळशाच्या राखेत चुना कमी असतो, त्यामुळे ती एकटी गोठत नाही. चुना किंवा सिमेंट जोडीला लागतंच. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, कणांचे पुंजके होतात आणि चिकट चिखल काही तासांत भुसभुशीत होतो. हा पहिला टप्पा. खरी ताकद दुसऱ्या टप्प्यात येते. चुन्याने मिश्रणाचा सामू १२ च्या वर नेला की राखेतली आणि मातीतली सिलिका, अॅल्युमिना विरघळतात आणि सिमेंटसारखी संयुगं तयार होतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. आपल्या जुन्या बांधकामांत चुन्यात विटांची सुरखी मिसळत, त्यामागे हीच रासायनिक क्रिया होती. ताकद यायला इतका वेळ लागतो, म्हणून दबाई झाल्यावर थर ओला ठेवणं आणि त्यावर लगेच वाहनं न सोडणं ही कामाची मुख्य अट आहे. घाईत पहिला बळी तिचाच जातो.

चिकणमाती म्हणजे सगळी सारखी, हेही खरं नाही. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिला चुना चांगला मानवतो. खाडीच्या गाळात क्षार आणि कुजलेले सेंद्रिय पदार्थ असू शकतात. सेंद्रिय पदार्थ चुन्याच्या कामात अडथळा आणतात. सल्फेट जास्त असेल तर चुना आणि अॅल्युमिनाशी मिळून एट्रिंजाइट नावाचं संयुग बनतं. ते पाणी घेऊन फुगतं आणि रस्ता खालून उचलतं. माती सुधारायला घातलेला चुनाच रस्ता फोडतो. अशा जागी चुन्याचा काही भाग कमी करून झोतभट्टीचा दळलेला स्लॅग (धातुमळी) वापरला तर धोका घटतो. एरवी कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ८ टक्के चुना पुरतो, पण नेमका आकडा त्या जागेच्या मातीच्या चाचणीतूनच ठरवायला हवा.

स्लॅगबद्दलही गोंधळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाच्या एका टप्प्याचं स्लॅगचा रस्ता म्हणून उद्घाटन झालं. तिथला स्लॅग पोलादभट्टीचा, प्रक्रिया करून खडीऐवजी वापरलेला. माती बांधणारा स्लॅग वेगळा: झोतभट्टीतून निघालेला, पाण्याने झटकन थंड केलेला, बारीक दळलेला.

आणि रस्ता खचला म्हणजे वरची माती कच्ची, असंही नेहमीच नसतं. मिश्रणाचा थर साधारण १५ ते ३० सेंटिमीटरचा. खाली काही मीटर मऊ गाळ असेल तर भाराखाली त्यातलं पाणी हळूहळू निघून जातं आणि रस्ता बसत राहतो. तिथे पाणी काढणाऱ्या उभ्या पट्ट्या, खडीचे खांब किंवा चुना-सिमेंटसारखं बंधक मातीत खोलवर मिसळण्याचं तंत्र लागतं. वरच्या थरात कितीही राख घातली तरी हे भागत नाही.

राख विषारी म्हणून तिला हातच लावू नये, की ती अगदी निर्धोक? दोन्ही टोकं चूक. राखेत आर्सेनिकसारखी मूलद्रव्यं असतात. नीट गोठलेल्या मिश्रणातून ती बरीच कमी झिरपतात, मोकळ्या राखेतून जास्त. मिठीकाठी भूजल वर असतं, भरतीचं पाणीही आत येतं. इथे झिरपण्याची चाचणी काम सुरू होण्याआधी झालीच पाहिजे आणि राखेचे उघडे ढीग पावसाळ्यात नदीकाठी पडू देता कामा नयेत.